उदाहरणातलं नाव

"ताई, सरावासाठी नवी डिस्क केली बघ. तू लिहिलंयस तश्शीच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही," आठवीतली शमीम म्हणाली आणि खुर्ची सरकवून मला जागा दिली.

आभासी डिस्क म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल, जी हार्ड डिस्कचं सोंग घेते. ती हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणता शब्द टाइप केला की काय होतं, ते मी मराठीत लिहून लॅबमध्ये ठेवलं होतं, उदाहरणांसकट. खाली ऐटीत लिहिलं होतं, 'डोळे मिटून करा, चुकणार नाही.' शमीम माझी पहिली वाचक.

मी वाकून स्क्रीन बघितली. नवी डिस्क तयार, नाव 'पाखरं'. उदाहरणात दुसरं काही सुचेना म्हणून मी माझ्याच प्रकल्पाच्या डिस्कचं नाव टाकलं होतं. वर्षभर पहाटे उठून रेकॉर्ड केलेले पक्ष्यांचे आवाज फक्त तिच्यात होते. प्रोग्रॅमने चकार शब्द न काढता तिच्यावर कोरी डिस्क लिहिली होती, आणि उद्या दुपारी विज्ञान प्रदर्शन.

"अगं बये, नाव तरी बदलायचंस," हे अगदी ओठांपर्यंत आलं.

"माझं काही चुकलं का गं?" शमीमने विचारलं. तिचं बोट अजून माझ्या कागदावरच्या त्या उदाहरणावर होतं.

"नाही गं. लिहिणारीचं चुकलं." मी खालची ऐटीतली ओळ खोडली. "उद्या पहाटे माझ्याबरोबर मैदानावर येशील? जेवढी पाखरं बोलतील, तेवढी प्रदर्शनात नेऊ."