बारा रेघा

"रेघ एकदाच मारायची. दुसऱ्यांदा मारावी लागली, तर हात कच्चा!" असं म्हणत बाबांनी ॲक्रिलिकच्या शीटवर कटरने एकच रेघ ओढली आणि शीट डायनिंग टेबलाच्या कडेवर ठेवून दाबली. ती फुटली, तीही भलतीकडेच.

चाळीस वर्षं काच कापलेला माणूस त्या तुकड्यांकडे बघत राहिला. बालवाडीच्या कपाटाला, पोरांना लागू नये म्हणून, काचेऐवजी ॲक्रिलिक हवं होतं. आता एकच शीट उरली होती.

"द्या इकडे," मी म्हणाले. पट्टी घट्ट धरून कटर फिरवला. मग पुन्हा त्याच रेघेवरून. बाबांचा चेहरा आंबट झाला.

"काच नाहीये ही, बाबा. हिला हळूहळूच कापावं लागतं. तुम्ही मोजा."

ते चिडूनच मोजू लागले. बारा झाल्यावर मी कडेवर दाबलं. टक्! तुकडा अगदी सरळ सुटला. बाबांनी त्याच्या कडेवरून दोनदा अंगठा फिरवला.

तेवढ्यात बालवाडीच्या बाईंचा फोन आला.

"हो, कापली की! ॲक्रिलिकचंही काम करतो आम्ही," बाबा रुबाबात म्हणाले. "मुलगी कापते. मी मोजतो."