संगणक कक्ष

विज्ञानानं जगातलं सगळं अंतर संपवलं आहे. २००८ साली आमच्या कॉलेजात संगणक कक्षाचं कुलूप तेवढं उरलं होतं. कारकून धर्मेंद्र चावी खिशात घेऊन गिरडला दर्ग्यावर गेला होता. आतल्या कॉम्प्युटरमधले गुण पाच वाजेपर्यंत विद्यापीठाला गेले नाहीत, तर शेवटच्या वर्षाचा निकाल अडकणार होता. कुलूप तोडायला संस्थेची मंजुरी लागते, म्हणून तो कॉम्प्युटर स्टाफरूममधूनच, इंटरनेटवरून चालवायचं ठरलं.

"इन्स्टॉल करावं लागते ते सॉफ्टवेअर नको. त्याची परवानगी धर्मेंद्रजवळच हाय," ताकसांडे सर म्हणाले.

"अन् माह्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स हाय; त्याच्यावर चाललं पाहिजे," हर्षा मॅडम अडून बसल्या.

"मॅडम, तुमच्या लिनक्सपायी पोरायचा निकाल अटकून राह्यला ना!"

प्राचार्य व्हरांड्यात येरझारा घालत होते. साडेचारला दोघांच्याही मशीनवर, नुसत्या ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर सापडलं. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी धर्मेंद्रला फोन लावला.

"पासवर्ड सांग, लवकर!"



"सांगतो ना सर. पण निघताना म्या कक्षाचा मेन स्विच बंद केला. तो आत हाय."