निळा दोरा

नेहमी एम साइज घालणाऱ्या तनुजाला गुलमंडीवरच्या दुकानात एक्सएलची कुर्ती अंगाला बरोबर बसली, तेव्हापासून तिनं भाकरीच सोडली. चौथ्या दिवशीही पोरगी जेवताना काकडी चघळत बसलेली पाहून तिच्या आईचं, संध्याचं, डोकं फिरलं. "आधीच काडीवानी दिसतीस, अजून काय कमी करतीस?" "मम्मी, लेबलवर लिहिलंय ना." "कसलं लेबल? आण इकडं." संध्यानं कुर्तीचा गळा उलटा केला आणि निळा दोरा दिसताच कपाळावर हात मारला. बिडकीनच्या कपड्यांच्या कारखान्यात ती लेबलंच शिवायची. "ही शिलाई माझीच हाय. एमची लेबलं अन् पांढरा दोरा एकदमच संपला, तर सुपरवायझर म्हणला, निळ्या दोऱ्यानं एक्सएलची लावा, गाडी उभी हाय." तनुजानं हसत ताट ओढलं. अर्ध्या भाकरीवर थांबून तिनं विचारलं, "अशी किती लावलीस?" "तीनशे," संध्या म्हणाली, आणि उरलेल्या काकडीकडं बघत तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.