अरबी टोळीप्रमुखाचा संवाद

सकाळी दहा वाजता कोहमाऱ्याजवळच्या गिट्टीच्या खाणीत एका हिंदी चित्रपटाचे शूटिंग सुरू झाले. खाण म्हणजे अरबस्तानचे वाळवंट होते आणि जवळच्या गावचे देवचंद, उंच आणि दाढीवाले म्हणून, अरबी टोळीप्रमुख. पांढरा झगा, काळा चष्मा, हातात खोटी बंदूक.

"पक्का डाकू दिसून राहिला तू," त्यांचा शेजारी उदाराम म्हणाला.

अरबी कोणालाच येत नव्हती. "कुछ भी बोलो चाचा, पब्लिक को क्या समझता है," सहायक दिग्दर्शकाने सांगितले. "बस, गुस्से में बोलो."

"हा पिक्चर तिकडं आखातात लागंल का?" देवचंदांनी विचारले. त्यांचा मुलगा शुभम तिकडे ड्रायव्हर होता. आठ महिन्यांपासून त्याचा फोन बंद होता.

"लगेगा ना. उधर तो हिंदी पिक्चर खूब चलता है."

कॅमेरा सुरू झाला. देवचंद बंदूक उगारून ओरडले, "शुभम, जिथं असशीन तिथून फोन कर रे. काऊन नाही करून राहिला? तुही माय जेवत नाही, पोट्ट्या."

शॉट पहिल्याच झटक्यात ओके झाला. चित्रपट लागल्यावर गोंदियाच्या टॉकीजमध्ये सुमित्राबाईंना नवऱ्याचे शब्द स्पष्ट ऐकू आले. पडद्यावर खाली अक्षरे होती, 'एक को भी ज़िंदा मत छोड़ना.'



अरबांना खुनशी दाखवले म्हणून शुभम ज्या देशात आहे तिथे चित्रपटावर बंदी आली आहे. काल संध्याकाळपर्यंत त्याचा फोन आलेला नव्हता.