लाल शिक्का

"मूठ वळा," डॉक्टर देवानंद म्हणाले.

हिरीबाईंनी वळली. चांगली घट्ट वळली.

"ही त वयते की!"

"आता बारा वाजले न सायेब. सकायी नाई वयत. दीड-दोन घंटे बोटं लाकडावानी राह्यतात. दोन्ही हाताचे."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. शेलूबाजारच्या त्यांच्या दवाखान्यात रोज तीस बाया 'वात आला' म्हणून येत, आणि तो कोणता वात हे ओळखण्याचा त्यांना भारी अभिमान. हिरीबाईंच्या बोटांच्या टोकांना गाठी होत्या, गुडघे करकर वाजत होते. ही वयाची साधी झीज. पण झिजेतला ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो. दोन-दोन तास सुटत नाही तो संधिवात, अन् त्याचं औषधच वेगळं.

"रक्त तपासू. आत्ता द्या."

"इथं नोको. लेबवाला लखन तांड्यात येते, त्याले देतो."

"बरं. पण घरात सून आहे न आता? हाताले आराम द्या."

हिरीबाई भडकल्या. "आराम? दसऱ्यानंतर ऊस तोडाले जा लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायकोचा हात नाई चालला, त माणूस दुसरी आणते. आमच्या तांड्यात दोघायनं आणल्या, मालूम हाय?"

"या वयात तुमचे रामधनभाऊ दुसरी आणतात काय?"

औषधं देणारी पौर्णिमा खुदकन हसली. हिरीबाई मात्र हसल्या नाहीत.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. संधिवातच, आणि तोही जोरात. डॉक्टर मनातून खूश झाले. नुसत्या गाठी पाहून झीज म्हणून मोकळे होणारे गाढव काय कमी आहेत? त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी लिहिली.

पौर्णिमानं सवयीनं चिठ्ठीवर मारायचा लाल शिक्का उचलला. 'ही गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत. बाळाला धोका.'

"अवं, साठीच्या बाईले कायले मारून राह्यली?" डॉक्टर म्हणाले.

तिनं जीभ चावली आणि शिक्का ठेवून दिला.

मग दर महिन्याला हिरीबाई जीपनं यायच्या, गोळ्या न्यायच्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "सकायी मूठ वयते आता. देवच पावला."

दसऱ्याच्या आधी त्या पेढे घेऊन आल्या. "घ्या सायेब. माह्या विनोदले लेकरू होनार हाय. रेणूले तिसरा महिना."

"वा! म्हणजे सून यंदा ऊसाले नाही जात."

"जाईन न. हात चालते आता तिचा." हिरीबाईंनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "खरं सांगतो, रागावू नका. विनोद दुसरी पाहून राह्यला होता. पोरीचं दुखणं बाहेर फुटलं असतं त संसार मोडला असता तिचा. म्हातारीच्या गोया कोन इचारते? म्हणून मी आली. रक्त तेवढं तिचं."

डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला.

"गोळ्या... अजून घेते ती?"

"एक आठवडा नाई चुकवली. बारावी शिकेल हाय रेणू, स्वोताच वाचते. चिठ्ठीवर जे लिहेल हाय, ते सारं पाळलं पोरीनं."