चंद्रीची बादली

"डॉक्टर म्हणलेत, नवं जनावर महिनाभर लांब ठेवायचं. आपली चंद्री घोडी गाभण हाय." घोडेबाजारातून आणलेलं शिंगरू बिरूनं कुंपणापलीकडच्या बाभळीला बांधलं.

"तुझी बायको आली तवा तिलाबी बाभळीलाच बांधायची हुती की!" त्याची आई, ठकूबाई म्हणाली.

बिरू कामाला गेला की ती त्या शिंकणाऱ्या पाहुण्याला छपरात आणायची आणि चंद्रीच्याच बादलीतून पाणी पाजायची.

चंद्रीनं भरत आलेला गाभ टाकला.

"रोग नव्या जनावराकडून आला असेल," डॉक्टर म्हणाले. "जवळ बांधलं होतंत?"

"कधीच न्हाई," बिरू म्हणाला. ठकूबाई शेण गोळा करू लागली.

तपासायला शिंगराचं दावं सोडलं. ते सवयीनं थेट छपरात शिरलं आणि चंद्रीच्या बादलीत तोंड घालून उभं राहिलं. बादली रिकामी होती. ते ठकूबाईकडे बघू लागलं.

बिरूही.