आतल्या रस्त्याने

“किती टक्के राहिले?”

हरीश गाडीतून उतरायच्या आधीच नर्मदाबाईंनी विचारलं. लेकाची तब्येत, सून, नात हे सगळं मागाहून; आधी बॅटरी. साऱ्या पुसेगावात सत्तरीची दुसरी म्हातारी काही असं विचारत नसेल.

“सदतीस,” हरीश म्हणाला. “आतल्या रस्त्यानं आलो ना माय. खड्डेच खड्डे. ब्रेक मार, पळव, पुन्हा ब्रेक. हायवेनं आलो असतो तर पंचेचाळीस तरी राहिले असते.”

नर्मदाबाईंनी मान डोलावली आणि नजर चुकवली.

हरीश नांदेडला नोकरीला होता. महिन्याच्या एका रविवारी आईकडे यायचा. पेट्रोलची गाडी होती तेव्हा उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि अर्ध्या तासात निघायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने ही विजेवरची घेतली. कंपनीने एका चार्जिंगला तीनशे किलोमीटर लिहून दिले होते, पण रस्त्याला थोडंच वाचता येतं! जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर काही जमेना. म्हणून नर्मदाबाईंनी गावातल्या धम्मदीपकडून ओसरीवर जाड पिनचा सॉकेट बसवून घेतला. घरच्या लाईटवर गाडीला तीन तास लागत. तेवढा वेळ हरीश बाजेवर बसे, धपाटे खाई, ऑफिसातल्या गमती सांगे, मध्येच डुलकी काढी. लग्न झाल्यापासून लेक एवढा कधी वाट्याला आला नव्हता.

पण माणसाला तेवढ्यावर भागतं का? रस्ता खराब की बॅटरी जास्त खाते, बॅटरी कमी की लेक जास्त थांबतो, हे गणित शाळेत न गेलेल्या नर्मदाबाईंना बरोबर समजलं. वर्षभर त्या दर खेपेला फोनवर सांगत आल्या, “पुलाचं काम चालू हाय, आतल्या रस्त्यानं ये.” हरीश बिचारा काही न विचारता येई. पूल होता तसा होता. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

मागच्या आठवड्यात मात्र नात आकांक्षा फोनवर म्हणाली, “आजी, तुझ्याकडं लाईट हळू येते का? तुझ्याकडून बाबा येतात तेव्हा मी झोपलेली असते.”

नर्मदाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. आपल्या हावेपायी आपण लेकराच्या ताटातलं ओढलं, याची त्यांना फार लाज वाटली.

आज हरीशने डिकीतून वायर काढली तशी त्यांनी त्याचा हात धरला.

“नको लावू.”

“काहून?”

“हिंगोलीत मोठं चार्जिंग हाय म्हणं. अर्ध्या तासात भरते. अन् जाताना हायवेनं जा. पुलाचं काम झालं.”

“तिथं लाईन राहते माय. इथं तीनच तास तर लागतात.”

“तेच म्हणून राहिले मी. एक रविवार भेटतो तुला. आकांक्षा वाट पाहून राहिली असंल. जा.”

हरीश वायर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“अन् धपाटे?”

“बांधून देते.”

पुलाचं खोटं होतं, हे सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. धीर झाला नाही. हरीशने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वायर सावकाश गुंडाळली. त्याने फार वेळ लावला, पण वायर ती, किती पुरणार? धपाट्यांचा डबा घेऊन तो गेला. पेट्रोलची गाडी फाट्यापर्यंत ऐकू यायची. ही कोपऱ्यावर वळली आणि संपली.

आपण केलं ते चांगलंच केलं, असं नर्मदाबाई दोन दिवस स्वतःला समजावत राहिल्या. रिकामी बाज मात्र बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी धम्मदीपला बोलावलं.

“हा सॉकेट काढ अन् मागं मोटरीपाशी बसव. हरीश आता इथं गाडी लावणार न्हाई.”

“का हो मावशी?”

“मीच नको म्हणलं. उगी अडकून पडते लेकरू.”

धम्मदीपने पेचकस काढला आणि थेट स्क्रू खोलायला लागला.

“आरं, मेन बंद कर आधी! शॉक लागंल.”

“याच्यात करंट कुठंय मावशी? पोळ्याच्या टायमालाच उंदरानं वायर तोडली, सहा महिने झाले. मी तवाच जोडून देतो म्हणलो व्हतो हरीशभाऊला.”

“मंग?”

“म्हणले, राहू दे. जाताना हिंगोलीत भरून घेत जाईन.” धम्मदीपने सॉकेट भिंतीतून ओढून काढला. “अन् म्हणले, मायला सांगू नको.”